प्रकल्प नोंदी: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचा फलक

काम: देवळाली कॅम्पातल्या एका शाळेच्या गणित कोपऱ्यासाठी ३ फूट × ४ फूट आकाराचा उभा फलक. विषय एकच मोठी पूर्णांक संख्या, तिचे अवयव, गुणधर्म आणि ती कोणकोणत्या प्रकारांत बसते. फलक १७ जानेवारीपूर्वी भिंतीवर लागायला हवा, कारण तो गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा जन्मदिवस (१९०५, डहाणू). १९३० ते १९६२ ते नाशिकला शिक्षक होते आणि १९८६ मध्ये देवळालीतच गेले. नियम सुरुवातीलाच ठरवला: जी ओळ कागद-पेन्सिलीने तपासता येणार नाही ती फलकावर जाणार नाही. यंत्राचे उत्तर फक्त दुजोऱ्यासाठी.

१८ डिसेंबर

संख्या निवडणे. पहिली सूचना नाशिकच्या पिनकोडची, ४२२००१. अंकांची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातो, म्हणून हर्षद. पण संख्या सहा अंकीच, आणि एवढ्यावर अख्खा फलक उभा राहत नाही.

ठरले ते १११११११११ (नऊ एकं) चा वर्ग: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलट वाचा की सुलट, सारखीच. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांच्या (नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे असे वर्ग) कुळातली. हे नाव मुंबईपासून ३० मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेम्लो स्थानकावरून पडले, कल्पना त्यांना तिथे सुचली म्हणून.

नऊच एकं का, हे फलकावर दिसायला हवे. गुणाकार उभ्या मांडणीत लिहिला की एकांच्या नऊ ओळी प्रत्येकी एक घर डावीकडे सरकत येतात. उजवीकडच्या कडेला स्तंभात एकच १, पुढच्यात दोन, मधल्या स्तंभात नऊ, मग पुन्हा उतरण. कुठेच हातचा नाही. दहा एकं घेतली की मधल्या स्तंभात १० जमतात, हातचा शेजारच्या ९ वर जाऊन त्याचेही १० होतात, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. सममिती तिथेच मोडते. ही दुसरी संख्या फलकाच्या कोपऱ्यात लहान अक्षरात द्यायची. नऊवर का थांबलो हे लांबलचक वाक्यापेक्षा ती चांगले सांगते.

२० डिसेंबर

एक्सेलमध्ये संख्या टाकली की ती १२३४५६७८९८७६५४३०० होते. एक्सेल १५ सार्थ अंकच ठेवते, पुढचे शून्य करते. सेल आधी ‘टेक्स्ट’ केला तर अंक टिकतात, पण मग गणित होत नाही. सगळ्या पत्रकातून एक्सेल बाद.

जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून लिहिली तर छापून येते १२३४५६७८९८७६५४३२०. फक्त शेवटचा अंक बदलतो, त्यामुळे हे जास्त फसवे. कारण असे: जावास्क्रिप्टच्या साध्या संख्या फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने द्विमान अंकांत साठवल्या जातात आणि त्यात ५३ बिट अचूक राहतात. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२. आपली संख्या त्याच्या वर आणि ५४ व्या घाताच्या खाली आहे. त्या पट्ट्यात फक्त सम पूर्णांक साठवता येतात आणि आपली विषम. बिग-इंट वापरले की प्रश्न संपतो. पायथनचे पूर्णांक मुळातच हवे तेवढे मोठे होतात, म्हणून तपासणी पायथनवर.

जाता जाता: पायथन ‘१२३’ असे देवनागरीत दिलेले अंकही वाचून पूर्णांक करते. जावास्क्रिप्टला ते अंकच वाटत नाहीत.

२२ डिसेंबर

अवयव. वर्गमुळाचे पाडले की वर्गाचे आपोआप मिळतात.

१११११११११ = १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणजे १११११११११ = ३^२ × ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या = ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२.

आता ३३३६६७ मूळ आहे हे दाखवायचे. सरळ मार्ग म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणे (५७८ चा वर्ग ३३४०८४, तो पुढे जातो). अशा मूळ संख्या शंभराच्या वर भरतात. पण आडवाट आहे. समजा मूळ संख्या प ने ३३३६६७ ला भाग जातो. ३३३६६७ हा नऊ एकांचा, म्हणून नऊ नवांचाही अवयव, तेव्हा १० च्या ९ व्या घाताला प ने भागले की बाकी १ राहते. ही बाकी ३ ऱ्या घातालाच १ झाली, तर १००००००+१०००+१ (म्हणजे ३ × ३३३६६७) ची बाकी ३ येते, म्हणजे प = ३; आणि ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. तेव्हा १० ची कोटी (ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते तो घात) बरोबर ९, आणि फर्माच्या प्रमेयाने प − १ ला ९ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणून १८ ने. उरतात फक्त या: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा भागाकार. (३७ ची कोटी ३ आहे, ती तशीही बाद होते. यादीत ठेवली, एक भागाकार जास्तीचा.)

बाक्या त्याच क्रमाने: ८, १, ५७, १८, ३८, ६, ८४, १४३, ६६, २६५, १४७, १८७, २५७, ७२, ५१६, ४११, १६१. एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ.

२४ डिसेंबर

विभाजकांची संख्या: घातांत एकेक मिळवून गुणायचे, ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असल्याने ती विषम येणारच: जोड्या लावल्या की १११११११११ एकटा उरतो.

फिरत्या भागाकाराच्या प्रोग्रामने मात्र ४६ सांगितले. नेहमीचीच चूक: द ने भाग गेला की द आणि भागफल दोन्ही मोजायचे, पण दोन्ही एकच असतील तेव्हा एकदाच, ही अट राहिली होती. त्यामुळे विभाजकांची बेरीजही १११११११११ ने वाढून आली. शिवाय हा प्रोग्राम ११ कोटींवर फेऱ्या मारतो. अवयव हातात असताना त्याची गरजच नाही. काढून टाकला.

२७ डिसेंबर

विभाजकांची बेरीज, प्रत्येक मूळ घाताची वेगळी काढून:

३^४ साठी १+३+९+२७+८१ = १२१.
३७^२ साठी १+३७+१३६९ = १४०७.
३३३६६७^२ साठी १+३३३६६७+१११३३३६६६८८९ = १११३३४०००५५७.

गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९.

पडताळा. १२१ अवयव आहे, म्हणून ११ ने भाग जायलाच हवा. उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-उणे केले की −११ येते, ठीक. प्रोग्रामचे जुने उत्तर १८९५४२७९७०३९३८६९० होते. त्याला ११ ने भागले तर बाकी १, म्हणजे या एका कसोटीत ते पकडले गेले असते. दुसरी कसोटी १००१ ची: तीन-तीन अंकांचे गट करून ५७९ − ८२७ + ५९२ − २७९ + ९५४ − १८ = १००१. म्हणजे ७, ११, १३ तिन्हींनी भाग जातो. ७ चा भाग १४०७ मधून येतो, ११ चा १२१ मधून आणि १३ चा १११३३४०००५५७ मधून. नवाच्या कसोटीवर कोणी थांबू नये; अंकांची अदलाबदल तिला कळत नाही.

स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८, संख्येपेक्षा बरीच कमी. म्हणून न्यून संख्या; परिपूर्ण नाही, विपुलही नाही.

सहमूळ संख्यांची, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी १ सोडून सामाईक अवयव नसलेल्यांची, मोजणी (ऑयलरचे फाय): ५४ × १३३२ × १११३३३३३३२२२. पहिल्या दोघांचा गुणाकार ७१९२८, म्हणजे ७२००० − ७२. त्यामुळे हातानेही सोपे: ८०१५९९९९९१९८४००० − ८०१५९९९९९१९८४ = ८००७९८३९९१९९२०१६. पुस्तकातले (१ − १/३)(१ − १/३७)… हे सूत्र अपूर्णांकांत चालवू नये, शेवटच्या अंकांचा भरवसा राहत नाही. या उत्तराच्या अंकांची बेरीजही ८१ आली. योगायोग, फलकावर नको.

२८ डिसेंबर

छोट्या प्रकारांची झडती. प्रत्येक मूळ अवयव किमान दोनदा येतो, म्हणून शक्तिशाली संख्या. स्मिथ संख्या नाही, कारण दोन बेरजा सारख्या हव्यात: अंकांची बेरीज ८१, मूळ अवयवांच्या अंकांची १२ + २० + ५६ = ८८. आनंदी संख्या (अंकांच्या वर्गांची बेरीज घेत गेले की शेवटी १ येते ती) नाही: अंकांच्या वर्गांची बेरीज ४८९, पुढे १६१, ३८, ७३, ५८, ८९ आणि मग तेच चक्र.

३० डिसेंबर

हर्षद आणि स्वयंभू. फलकाचा गाभा हाच, दोन्ही नावे कापरेकरांची.

हर्षद: अंकांची बेरीज ८१, आणि ३^४ अवयव आहेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. हर्षद आहे, आनंदी नाही. मराठीत हे विचित्र वाटते, पण दोन व्याख्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

स्वयंभू म्हणजे जिला जनक नाही. जनक म अशी संख्या, की म आणि म च्या अंकांची बेरीज मिळून आपली संख्या होते. प्रथमदर्शनी शोध अफाट वाटतो, प्रत्यक्षात एका पानात संपतो. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३. शिवाय म ची आणि तिच्या अंकांच्या बेरजेची ९ ने भागल्यावरची बाकी एकच. आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून त्या बाकीची दुप्पटही ९ ने विभाज्य हवी, म्हणजे बाकी शून्य. तेव्हा बेरीज ९, १८, २७, … १५३ यांपैकीच एक. पुन्हा सतराच तपासण्या.

पहिले चौदा अंक, १२३४५६७८९८७६५४, कुठेच बदलत नाहीत, कारण ३२१ मधून जास्तीत जास्त १५३ वजा होतात. त्यांची बेरीज ७५. आता फक्त शेवटचे तीन पाहायचे. ९ वजा केले तर ३१२, बेरीज ७५+६ = ८१, पण हवी ९. १८ ला ३०३, पुन्हा ८१. २७ पासून ७२ पर्यंत (२९४, २८५, २७६, २६७, २५८, २४९) दर वेळी ९०. ८१ वजा केले तर २४०, बेरीज ७५+६ = ८१. जुळले. ९० ते ११७ पर्यंत ८१ येते, १२६ ते १५३ पर्यंत ९०, जुळत नाही.

म्हणून जनक एकच: १२३४५६७८९८७६५४२४०. संख्या स्वयंभू नाही. ही तपासणी फलकावर जशीच्या तशी, तक्त्यासकट घ्यायची. मुलांना सतरा वजाबाक्या करायला दहा मिनिटे पुरतात.

२ जानेवारी

कापरेकर संख्या आहे का? (उदाहरण: २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७.) सतरा अंकी संख्येचा वर्ग उजवीकडून सतरा अंकांवर तोडायचा. हाताने ३३ अंकी वर्ग कोण करणार. पण करायची गरज नाही. अट अशी निघते की संख्या × (संख्या − १) ला सतरा नवांनी, म्हणून सतरा एकांनीही, भाग जायला हवा. सतरा एकं = २०७१७२३ × ५३६३२२२३५७, दोन्ही मूळ. आपल्या संख्येचे अवयव ३, ३७, ३३३६६७, त्यामुळे दोघांनाही (संख्या − १) मध्येच जागा हवी. म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२० ला सतरा एकांनी भाग जायला हवा. एकदा वजा केले की उरतात १२३४५६७८७६५४३२०९, सतरा एकांपेक्षा कमी आणि शून्य नव्हे. कापरेकर संख्या नाही.

वर्गमुळाचीही (१११११११११) तपासणी: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. तीही नाही, पण बरोबर नऊपट येते. ही ओळ घेतली.

अंक उतरत्या क्रमाने लावून चढता क्रम वजा करण्याची क्रिया आपल्या संख्येवर एकदा केली: ९८८७७६६५५४४३३२२११ − ११२२३३४४५५६६७७८८९ = ८७६५४३२०९८७६५४३२२. पुढे चालवली नाही. चार अंकांत मात्र, चारही अंक सारखे नसतील तर, तीच क्रिया ६१७४ वर थांबते (कापरेकर, १९४९), जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. उदाहरणाला जन्मवर्षच घेतले: १९०५ → ९३५१ → ८१७२ → ७४४३ → ३९९६ → ६२६४ → ४१७६ → ६१७४. नेमक्या सात, यापेक्षा लांब वाट नाही.

४ जानेवारी

दोन वर्गांची बेरीज. ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागले की बाकी ३, आणि त्यांचे घात सम. त्यामुळे ते फक्त गुणक म्हणून बाहेर येतात. काम ३७ करते: ३७^२ = १२^२ + ३५^२. गुणक ३००३००३. म्हणून

१११११११११^२ = ३६०३६०३६^२ + १०५१०५१०५^२.

शून्याची जोडी सोडली तर याखेरीज दुसरी जोडी नाही. सगळ्या फलकात देखणी ओळ हीच, ठळक टाइपात.

वर्ग ओळखणाऱ्या प्रोग्रामात दोष: फ्लोटिंग पॉइंटचे वर्गमूळ काढून ते पूर्णांक आले का एवढेच पाहत होता. १११११११११ च्या आसपास दोन लगतच्या फ्लोटिंग पॉइंट किमतींत साधारण ०.०००००००१५ चे अंतर (अचूक सांगायचे तर २ च्या २६ व्या घाताचा एक भाग), तर संख्येत १ मिळवल्यावर मूळ वाढते फक्त ०.००००००००४५. ते अर्ध्या अंतरापेक्षा कमी, म्हणून गिळले जाते. परिणामी आपल्या संख्येबरोबर तिच्यापेक्षा १ ने मोठी, १ ने लहान आणि २ ने लहान अशा आणखी तीन संख्या ‘पूर्ण वर्ग’ ठरल्या. आता पूर्णांक वर्गमूळ (आयएसक्यूआरटी) घेऊन त्याचा वर्ग परत ताडून पाहिला जातो.

६ जानेवारी

१ भागिले आपली संख्या: आवर्ती दशांशाचा आवर्त किती अंकांचा? ८१ साठी ९, ३७^२ साठी १११, ३३३६६७^२ साठी ९ × ३३३६६७. लसावि = ९ × ३७ × ३३३६६७ = १११११११११. आवर्ताची लांबी म्हणजे संख्येचे वर्गमूळच. लहान नमुन्यावर ताडले: १/१२३२१ चा आवर्त १११ अंकी, जुळते. १/१२१ ला मात्र ११ नाही, २२. म्हणून ‘नेहमी असेच’ असे शब्द फलकावर येऊ देऊ नयेत.

९ जानेवारी

संख्या अक्षरी कशी वाचायची यावर दुमत. आपली स्वल्पविरामांची पद्धत लावली की १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. अब्जापर्यंत वाद नाही: ७८ अब्ज ९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१. त्यापुढे हिंदीतले खरब-नील-पद्म घेतले तर १२ पद्म ३४ नील ५६ खरब. पण भास्कराचार्यांच्या यादीत खर्व म्हणजे १ वर १० शून्ये, हिंदी खरबला ११. दोन्ही मिसळले की दहापट घोळ.

निर्णय: भास्कराचार्यांची स्थाने, प्रत्येक अंकाखाली एक नाव. डावीकडून मध्य १, अंत्य २, जलधि ३, शंकु ४, महापद्म ५, निखर्व ६, खर्व ७, अब्ज ८, अर्बुद ९, कोटी ८, प्रयुत ७, लक्ष ६, अयुत ५, सहस्र ४, शत ३, दश २, एक १. शिखरावरचा ९ अर्बुदाच्या, म्हणजे दहा कोटींच्या, घरात.

१२ जानेवारी

मेन रोडवरच्या छपाईच्या दुकानातून पहिले प्रूफ. तीन चुका.

एक, युनिकोड मजकूर दुकानातल्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना स्वल्पविरामाच्या जागी भलतीच खूण आली. उपाय: इथूनच मजकूर कर्व्ह करून (अक्षरांची चित्रे करून) पीडीएफ द्यायची, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट बदलायचा प्रश्न राहत नाही.

दोन, १२३४५६७९ हे ‘सुधारून’ १२३४५६७८९ केले गेले. या संख्येत ८ नाहीच, पण डोळ्याला ती छापायची राहिली असे वाटते. तपासायला ९ ने गुणायचे: १२३४५६७९ × ९ = १११११११११, उलट १२३४५६७८९ × ९ = ११११११११०१. आता त्या ओळीशेजारी कंसात ‘यात ८ नाही’ असे टाकले.

तीन, मथळा दोन ओळींत तुटला. रुंदी ३६ इंच, दोन्हीकडे २ इंच समास सोडून ३२. सतरा अंक आणि सात स्वल्पविराम (प्रत्येकी अर्धा अंक) म्हणजे साडेवीस घरे. अंकाची रुंदी दीड इंच ठेवली की ३०.७५ इंचांत बसते. दुकानाने पावणेदोन घेतली होती.

१५ जानेवारी

दुसरे प्रूफ ठीक. अंक मोजले: १७, बेरीज ८१, मधला ९. जनकाच्या तक्त्यात १८ ची ओळ ३०३ ऐवजी ३१३ होती, दुरुस्त केली. छपाईला परवानगी दिली.

१६ जानेवारी

फलक लागला. खालची कड जमिनीपासून ३ फुटांवर, म्हणजे पाचवीतल्या मुलांना सतरा वजाबाक्यांचा तक्ता डोळ्यांसमोर येतो. ४५ विभाजकांची यादी फलकावर मावली नाही. ती २२ जोड्या आणि मधला १११११११११ अशी वेगळ्या ए-चार कागदावर द्यायची आहे. १ × संख्या, ३ × ४११५२२६३२९२१८१०७, ९ × १३७१७४२१०९७३९३६९ एवढ्या तीन जोड्या टाइप झाल्या, बाकी एकोणीस.